गूगलला पिंग लागला म्हणजे नेट ठीक? नाही

व्हॉट्सॲपवर फिरणारा सल्ला असा: नेट अडलं की गूगलला पिंग करा (पिंग म्हणजे संगणकाने छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का ते बघणं). उत्तर आलं तर लाइन ठीक, ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं तर लाइन बंद. ट्रेसर्टमध्ये (पॅकेट कुठल्या राउटरमधून जातं ते टप्प्याटप्प्याने दाखवणारी आज्ञा) तारे दिसले तर तिथेच बिघाड. आणि ६५५०० बाइटचा पिंग चालू ठेवला की स्पीड वाढतो. यातला एकही दावा टिकत नाही.

उत्तर आलं तर लाइन ठीक? विंडोज ३२ बाइटची फक्त ४ पॅकेट पाठवतं. एवढी चिमुकली पॅकेट निघून जातात, पण वेबसाइट पिंगच्या वाटेने नाही, सहसा टीसीपी या वेगळ्या पद्धतीने ४४३ पोर्टवर चालते आणि मोठी पॅकेट पाठवते. पीपीपीओई जोडणीत (यूजरनेम-पासवर्ड लावून चालणारी ब्रॉडबँड जोडणी) ८ बाइट हेडरला, म्हणजे पॅकेटवरच्या माहितीच्या पट्टीला जातात, म्हणून १५०० ऐवजी १४९२च मावतात. एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) चुकला की पिंग सुरळीत चालतो आणि काही साइट मात्र अर्ध्यावर लटकतात. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पिंग -एफ -एल १४६४ १.१.१.१’ (ping -f -l 1464 1.1.1.1) करून बघा (१४६४ अधिक २८ बाइट हेडर, मिळून १४९२). पॅकेट तोडावं लागेल असा संदेश आला तर आकडा दहा-दहाने उतरवा. जो चालेल त्यात २८ मिळवून राउटरमध्ये एमटीयू भरा.

टाइम्ड आउट म्हणजे लाइन बंद? त्याचा अर्थ इतकाच, की ४ सेकंदांत उत्तर आलं नाही. कित्येक सर्व्हर आणि फायरवॉल पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत. खरं बघायला हवं ते ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’. त्या ओळीत तुमच्याच संगणकाचा पत्ता असेल तर अडचण तुमच्या आणि राउटरच्या मधे आहे: केबल, वायफाय किंवा चुकीचा आयपी. इथे विंडोज फसवतं, कारण ही ओळही ते मिळालेलं उत्तर म्हणून मोजतं आणि शेवटी ‘लॉस्ट = ०’ छापतं. नुसती बेरीज वाचू नका. ‘होस्ट सापडला नाही’ असं आलं आणि ८.८.८.८ला (गूगलचा सर्व्हर) पिंग लागतोय, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा.

तारे म्हणजे बिघाड? राउटर असल्या उत्तरांना सगळ्यात खालचं प्राधान्य देतात, काही तर देतच नाहीत. पाचव्या टप्प्यावर तारे आणि सहाव्यापासून उत्तरं, म्हणजे पाचवा टप्पा व्यवस्थित आहे. तिथून शेवटपर्यंत सगळेच टप्पे बिघडले तरच संशय घ्यावा.

स्पीडचं तर सोडाच. ६५५०० बाइटचे सुमारे ४५ तुकडे होतात, एक हरवला की सगळं वाया. वाढतो तो फक्त लाइनवरचा भार.

क्रम असा ठेवा. आधी आयपीकॉन्फिग (ipconfig, संगणकाचा पत्ता दाखवणारी आज्ञा): पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर राउटरकडून आयपी मिळालेलाच नाही. मग दोन खिडक्या उघडून एकाच वेळी गेटवेला (तुमच्या राउटरचा पत्ता, आयपीकॉन्फिगमध्येच दिसतो) आणि ८.८.८.८ला ‘-एन ५०’ (-n 50, म्हणजे ५० पॅकेट) लावून पिंग करा. गेटवेलाच गळती असेल, म्हणजे पॅकेट हरवत असतील, तर वायफाय सोडून केबलने जोडा. गेटवे स्वच्छ आणि बाहेर गळती असेल, तर दोन्हींचे स्क्रीनशॉट तक्रारीला जोडा.