यशपाल 'टर्निंग पॉइंट'च्या खूप आधीपासून लोकांत होते

विज्ञानप्रसारक प्रा. यशपाल यांच्यावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यांची ओळख 'टर्निंग पॉइंट' या दूरदर्शनवरच्या विज्ञान मालिकेपासून सुरू केलीत, ते पटलं नाही. त्यांचा लोकांकडे येण्याचा रस्ता त्याआधीच सुरू झाला होता.

मूळचे ते अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांचे अभ्यासक, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले (टीआयएफआर). १९७३ मध्ये इस्रोच्या अहमदाबादमधल्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरचे पहिले संचालक झाले आणि १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे गावोगावी शैक्षणिक टीव्ही पोचवणारा 'साइट' प्रयोग उभा राहिला. सहा राज्यांतली सुमारे २४०० गावं, वर अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह, आणि गावात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटी अँटेना! शेती, आरोग्य आणि शाळेतल्या मुलांसाठी विज्ञान थेट गावातल्या टीव्हीवर. माझ्या मते त्यांच्यातला विज्ञानप्रसारक इथेच घडला. कारण ज्याने कधी टीव्ही पाहिलेला नाही त्याला काय दाखवायचं, हा प्रश्न प्रयोगशाळेत बसून सुटत नाही.

पुढे 'टर्निंग पॉइंट'मध्ये प्रेक्षकांच्या साध्यासुध्या प्रश्नांना ते ज्या आस्थेने उत्तरं देत, ती आस्था मला आजच्या चकचकीत व्हिडिओंमध्ये क्वचितच दिसते. २४ ऑक्टोबर १९९५ च्या खग्रास सूर्यग्रहणाचं त्यांचं दूरदर्शनवरचं निवेदनही असंच. ग्रहणात दारं-खिडक्या लावून बसणाऱ्या घरांत त्यांचा आवाज पोचला, हे फार मोठं काम आहे.

१९९३ चा दप्तराच्या ओझ्यावरचा अहवालही त्यांच्याच समितीचा. लेखात त्याचा उल्लेखच नाही. पुढच्या भागात त्यावर सविस्तर लिहाच, ही विनंती.