माप न घेता शिवलेला गणवेश
सरकारी शाळांतल्या मोफत पुस्तकं-गणवेशांवरच्या तुमच्या लेखात ‘पहिल्याच दिवशी पुस्तकं आणि गणवेश हातात’ असं म्हटलंय. पुस्तकांचं खरं आहे, बालभारतीचे गठ्ठे आमच्या गावच्या शाळेत वेळेत सुटतात. पण गणवेश? २०२४-२५ ला राज्यभराचं कापड एकाच ठिकाणाहून आलं, तेव्हा माझ्या तिसरीतल्या लेकीला पहिला जोड पोळा होऊन गेल्यावर मिळाला. बाह्या कोपराच्या खाली, कमरेला दोन सेफ्टी पिना.

आता गणवेश शिवून घेण्याचं काम पुन्हा पालक-शिक्षकांच्या शाळा व्यवस्थापन समितीकडे आलंय, बरं झालं. गावातला शिंपी पोराला उभं करून टेप तरी लावतो! मात्र समितीच्या खात्यात पैसे कधी पडणार, हे लेखात कुठेच नाही. कापड काय उधारीवर फाडायचं? तेवढी तारीख छापा.