'भजनी मंडळ' म्हणणाऱ्या सरांना

नमस्कार सर. तुम्ही नाव लिहिलं नाही, 'गणिताचा एक प्राध्यापक' एवढीच सही केली, म्हणून सरच म्हणतो.

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की तालुक्याच्या ठिकाणी पीएच.डी. करणाऱ्यांनी मिळून भूमितीचा सेमिनार कसा चालवावा. आठ जण, महिन्यातून दोन शनिवार, रीमानियन भूमिती (वाकलेल्या जागांवरच्या अंतरांची आणि वक्रतेची भूमिती), दर बैठकीला वक्ता वेगळा. त्यावर तुमची प्रतिक्रिया अशी: "हा सेमिनार नव्हे, भजनी मंडळ आहे. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी टाळ कुटायचे. खोलीत एकही तज्ज्ञ नसेल तर चुकाच पाठ होतात. एका प्रमेयावर तीन तास घालवण्यापेक्षा पोरांनी पेपर लिहावेत. व्हिडिओ फुकट मिळतात. आणि हॉप्फ–रिनोव प्रमेय १९३२ चं नाही."

शेवटचं आधी घेतो. प्रमेय १९३१ चंच आहे. चूक माझी, लेखात दुरुस्त केली, आभार.

आता भजनी मंडळ. तुकडोजी महाराजांची मोझरी ज्या मुलखात आहे, खंजिरीवर जिथे गावंच्या गावं जागी झाली, तिथे बसून हा शब्द शिवीसारखा वापरायचा म्हणजे कमाल आहे. टीका करा, जरूर करा. पण हेटाळणीचा सूर कशासाठी? आणि उपमा द्यायचीच होती तर मंडळात एकदा बसून तरी द्यायची. पेटीवाल्याने काळी दोन धरली आणि म्हणणारा काळी चारमध्ये शिरला, तर पहिल्याच ओळीला सगळ्यांच्या माना वळतात. टाळकऱ्यालाही कळतं. त्यासाठी कोणी पंडित बसवावा लागत नाही.

आमच्या सेमिनारात पट्टी म्हणजे चिन्हं. वक्रता टेन्सरची (जागा कुठे, कशी वाकली ते सांगणाऱ्या राशीची) व्याख्या डू कार्मोंच्या पुस्तकात एका चिन्हाने आहे, जॉन लींच्या पुस्तकात नेमकी उलट. दोन्ही बरोबर, सेक्शनल कर्व्हेचर (दोन दिशांनी ठरणाऱ्या प्रतलातली वक्रता) काढताना टेन्सरमध्ये सदिश कोणत्या क्रमाने ठेवायचे तेही दोघांचं वेगळं आहे, त्यामुळे गोलाची वक्रता दोन्हीकडे धनच येते. घोळ पुस्तकात नाही, वक्ता बदलतो तिथे होतो. सातव्या बैठकीचा वक्ता व्याख्या लींची सांगतो. आठव्या बैठकीचा वक्ता जॅकोबी समीकरण (शेजारच्या सरळ वाटा जवळ येतात की पांगतात ते सांगणारं; ते अंतर दाखवतं ते जॅकोबी फील्ड) डू कार्मोंमधून उतरवून आणतो; त्यात आधी वेगाचा सदिश, मग जॅकोबी फील्ड, मग पुन्हा वेगाचा सदिश असा क्रम असतो. तोच क्रम लींच्या चिन्हाने वाचला की गणित उलटतं. एकक गोलावर 'फील्डचा दुसरा डेरिव्हेटिव्ह अधिक तेच फील्ड बरोबर शून्य' असं यायला हवं, तिथे अधिकच्या जागी वजा येतो. साइनऐवजी उत्तर येतं हायपरबोलिक साइन.

आता हे पृथ्वीच्या गोलावर ठेवून बघा. साइन पाय (π) या मूल्यावर शून्य होतो, म्हणजे उत्तर ध्रुवावरून निघालेली रेखावृत्तं दक्षिण ध्रुवावर भेटतात. हायपरबोलिक साइन एकदा शून्यातून निघाला की परत शून्यावर येतच नाही. मग फळ्यावरची रेखावृत्तं पांगतच जातात, दक्षिण ध्रुवच गायब! ही चूक पाठ कशी होईल, सांगा ना. शाळेतला रंग उडालेला गोल टेबलावर ठेवला की पुरे.

म्हणूनच नियम आहे: फळ्यावर आलेलं प्रत्येक सूत्र तीन काट्यांवर तोलायचं. सपाट पृष्ठ, आर त्रिज्येचा गोल आणि हायपरबोलिक प्रतल (सगळीकडे सारखी ऋण वक्रता असलेलं). जिनिंगवर कापसाची गाडी एका काट्यावर मोजली की शेतकऱ्याचं समाधान होत नाही, तसंच हे. गोलावर वक्रता एक भागिले आर वर्ग आणि पहिला कॉन्जुगेट बिंदू (एका जागेहून निघालेल्या वाटा पुन्हा भेटतात तो) पाय गुणिले आर अंतरावर, एवढे दोन आकडे फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेले असतात.

पहिल्या बैठकीच्या आधी फळ्याशेजारी कार्डशीट चिकटवायची. तिच्यावर चारच गोष्टी: वक्रता टेन्सरचं चिन्ह, सेक्शनल कर्व्हेचरमधला सदिशांचा क्रम, लाप्लासियनचं (दुसऱ्या डेरिव्हेटिव्हांच्या बेरजेचं) चिन्ह, आणि रिची वक्रतेला (एका दिशेच्या सेक्शनल वक्रतांच्या बेरजेला) परिमाण, म्हणजे मितींची संख्या, वजा एकने भागायचं की नाही. ही चौथी ओळ लोक हटकून विसरतात. डू कार्मो भागतात, बहुतेक पुस्तकं भागत नाहीत. म्हणून बोनेट–मायर्स प्रमेयाची (वक्रता पुरेशी धन असली की जागा मर्यादित असते, असं सांगणाऱ्या) अट एकीकडे 'किमान एक भागिले आर वर्ग' अशी दिसते, दुसरीकडे तिच्यात परिमाण वजा एकचा गुणक बसलेला असतो. दोन पोट्टे अर्धा तास भांडतात आणि दोघंही बरोबर असतात.

आता टाळ कुटणाऱ्यांबद्दल. लेखात लिहिलं होतं, तुम्ही बहुधा तिथवर पोचला नाहीत: दर बैठकीला तीन कामं चिठ्ठी टाकून वाटली जातात. एक वक्ता, एक अडवणारा, एक लिहिणारा. वक्ता बुधवारपर्यंत हाताने लिहिलेली दोन पानं अडवणाऱ्याला देतो, दोनच. जास्त दिली की तो सगळं फळ्यावर उतरवायला जातो आणि सिद्धता येण्याआधी वेळ संपतो. अडवणारा त्या पानांवर तीन जागी खूण करून येतो, 'इथे थांबवणार'. कोणत्या जागा ते वक्त्याला सांगायचं नाही. सुरुवात सकाळी साडेसातला, कारण एप्रिलनंतर दुपारी त्या खोलीत बसवत नाही. ५० मिनिटं व्याख्यान, मग चहा, मग तासभर गणितं. उरलेल्या वेळात लिहिणारा पुस्तक मिटून आपण टिपलेलं मोठ्याने वाचतो. खरी भोकं तिथे उघडी पडतात. 'म्हणून हे स्पष्ट आहे' हे वाक्य फळ्यासमोर खपून जातं, वाचून दाखवताना जीभ अडते. प्रोजेक्टर नाही. वीज जाते हे एक कारण, आणि स्लाइड हातापेक्षा पुढे पळते हे दुसरं.

अडवणं म्हणजे काय, एक नमुना देतो. वक्ता म्हणतो, मॅनिफोल्ड (वाकलेली जागा) कम्प्लीट आहे, म्हणजे तिच्यातल्या सरळ वाटा मधेच तुटत नाहीत, आणि वक्रता सगळीकडे शून्याहून जास्त आहे, तेव्हा बोनेट–मायर्सने ते कॉम्पॅक्ट, म्हणजे बंदिस्त आणि मर्यादित. ऐकायला गोड. अडवणाऱ्याने इथे वाटी काढायची: झेड बरोबर एक्स वर्ग अधिक वाय वर्ग. कम्प्लीट आहे, वक्रता सगळीकडे धन आहे, आणि वाटी वर उघडीच, कुठे संपतच नाही. तळाशी वक्रता ४, अक्षापासून एक एकक दूर गेलं की ४ भागिले २५, तीन एककांवर ४ भागिले १३६९. धन राहते पण विरत जाते. प्रमेयाला नुसतं धन चालत नाही, सगळीकडे लागू पडेल असा, शून्याहून मोठा एकच खालचा आकडा लागतो. तो एक भागिले आर वर्ग असला की व्यास पाय गुणिले आरच्या वर जात नाही. हॉप्फ–रिनोवला (कम्प्लीट जागेत कुठल्याही दोन बिंदूंमध्ये सर्वांत छोटी वाट असतेच, असं सांगणाऱ्या प्रमेयाला) अडवायचं तर प्रतलातून मधला एक बिंदू काढून टाकायचा. वजा एक आणि अधिक एक या बिंदूंमधलं अंतर २ च राहतं, पण तेवढ्या लांबीची वाट उरत नाही. कम्प्लीट ही अट कशाला घातली ते मग कोणी विचारत नाही. टाळ कुटणारा माणूस हे करतो का, सर?

एकोणीस वर्षं तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो आहे. पीएच.डी.सुद्धा नोकरी सांभाळून, इकडेच राहून केली. तेव्हा तज्ज्ञ असल्याशिवाय काय होतं आणि काय होत नाही, हे निदान मला तरी शिकवू नका. जर्मनीतल्या ओबरवोल्फाखला १९४४ पासून गणिताचं केंद्र आहे. तिथे 'आर्बाइट्सगेमाइनशाफ्ट' नावाच्या बैठका होतात, त्यात विषय नवा असलेल्या लोकांनीच वाटून घेऊन व्याख्यानं द्यायची असतात. ओबरवोल्फाखही खेडंच आहे, ब्लॅक फॉरेस्टमधलं. त्याला कोणी भजनी मंडळ म्हटल्याचं ऐकलं नाही. तिथे आयोजक त्या विषयातले जाणकार असतात, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापा.

बाकीचं थोडक्यात. पेपर लिहायचे तर लिहितीलच, महिन्यातले दोन शनिवार सोडून बाकीचे दिवस त्यासाठीच आहेत. व्हिडिओ पाहूनच आमची पोरं येतात. व्हिडिओला अडवता येत नाही एवढंच. तज्ज्ञाची गरजच नाही असं मी कुठेही म्हटलेलं नाही, लेख पुन्हा वाचा. आयआयटी मुंबई आणि टीआयएफआर यांच्या राष्ट्रीय गणित केंद्राच्या एटीएम (अ‍ॅडव्हान्स्ड ट्रेनिंग इन मॅथेमॅटिक्स) स्कूलचे अर्ज आम्ही भरायला लावतोच. निकाल बरोबर पण सिद्धता मधेच पोकळ, अशी चूक तीन काट्यांवर सापडत नाही हे मलाही ठाऊक आहे. त्यावर वेगळं लिहीन, सवडीने.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, खाली आहे तशीच आहे. पुढची बैठक सिंजच्या प्रमेयावर आहे. अडवणाऱ्याची चिठ्ठी अजून निघालेली नाही. खऱ्या नावाने येणार असाल तर तुमचं नाव टाकतो. दोन पानं बुधवारी तुमच्याकडे पोचतील.