गिळलेला ‘ट’

नकार देणे हा मुळातच माझा प्रांत नाही. त्यात तो इंग्रजीतून द्यायचा असेल, तर समोरच्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्याचा होकार झालेला असतो. याचे खापर मी बरीच वर्षे माझ्या भिडस्त स्वभावावर फोडत आलो. दोष स्वभावाचा नसून एका अक्षराचा आहे, हे मला फार उशिरा कळले.

शाळेत आम्ही ‘कॅन म्हणजे शकणे, कान्ट म्हणजे न शकणे’ हे पाढ्यासारखे घोकले होते. पण मराठी माणूस रोजच्या बोलण्यात ‘शकत नाही’ असे फारसे म्हणतच नाही. त्याला पोहता येत नाही, उद्याचे जमत नाही, जिना चढवत नाही, कुणाचे हाल बघवत नाहीत आणि खोटे बोलणे तर त्याच्याच्याने होतच नाही. असमर्थतेच्या या प्रत्येक तऱ्हेत माणूस बिचारा ‘मला’ किंवा ‘माझ्याने’ होऊन अंग चोरून उभा असतो. पोहणेच त्याच्याकडे येत नसेल तर तो तरी काय करणार? ‘चढवत नाही’, ‘बघवत नाही’ यांतल्या क्रियापदांना तर आपल्या व्याकरणाने ‘शक्य क्रियापद’ असे स्वतंत्र नाव देऊन त्यांचा मान राखला आहे. इंग्रजी मात्र या सगळ्या गोतावळ्याची बोळवण एकट्या ‘कान्ट’वर करते, आणि वाक्याच्या तोंडाशीच ‘आय’ हा काठीसारखा सरळ कर्ता सगळी जबाबदारी अंगावर घेऊन ताठ उभा राहतो. सहावीत मी ‘स्विमिंग इज नॉट कमिंग टू मी’ असे लिहिले होते. बाईंनी त्याखाली लाल शाईने ‘मग तू त्याच्याकडे जा’ असा शेरा मारला होता.

वास्तविक ‘कॅन’ हा परका नव्हे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘जाणणे’ असा होता, आणि भाषाशास्त्र सांगते की आपले ‘जाणणे’ ज्या संस्कृत ‘ज्ञा’पासून आले, त्याच प्राचीन कुळातला हाही आहे. म्हणजे लांबचा का होईना, पण नातेवाईकच. घोळ घालण्याची हातोटी पाहता हे नाते मला अजिबात अविश्वसनीय वाटत नाही.

नोकरीत अमेरिकन ग्राहकांशी फोनवर बोलण्याची वेळ आली तेव्हा शाळेतला ब्रिटिश वळणाचा ‘कान्ट’ मला जुनाट वाटू लागला आणि मी ‘कॅन्ट’ म्हणू लागलो. अमेरिकन माणसे शेवटचा ‘ट’ जवळजवळ गिळून टाकतात, हे मी नीट ऐकले होते. तेव्हा तोही मी मनोभावे गिळू लागलो. एका सोमवारी पलीकडच्या बाईंनी काम शुक्रवारपर्यंत मिळेल का असे विचारले. मी निक्षून सांगितले, ‘आय कॅन्ट सेंड इट बाय फ्रायडे.’ त्यांनी आनंदाने आभार मानून फोन ठेवला. त्या आठवड्यात मी किती झोपलो, हे येथे सांगवत नाही.

पुढच्या खेपेस काम खरोखरच तयार होते. मी अभिमानाने, एकेका शब्दावर जोर देऊन म्हणालो, ‘आय कॅन सेंड इट टुडे.’ पलीकडे शांतता पसरली. मग बाईंनी खिन्न स्वरात विचारले, ‘व्हाय नॉट?’

याचा उलगडा उच्चारांच्या एका पुस्तकात झाला. अमेरिकन कान त्या ‘ट’ची वाटच पाहत नाहीत. होकारातला ‘कॅन’ वाक्यात आघाताशिवाय येतो आणि आक्रसून नुसता ‘कन्’ उरतो. नकारातल्या ‘कॅन्ट’वर मात्र आघात असतो आणि त्याचा स्वर पुरता उच्चारला जातो. म्हणजे ‘ॲ’ ठसठशीत ऐकू आला की नाही, आणि विरला की हो. मी नकार घाईघाईने उरकत होतो आणि होकार ठासून देत होतो. संकोची माणसाने याहून वेगळे काय करावे?

उच्चार कसाबसा सुधारला, तेव्हा अर्थाने दगा दिला. एका बैठकीत मी सुचवले की काम हातावेगळे करण्याआधी त्याची आणखी एक चाचणी घ्यावी. बाई म्हणाल्या, ‘आय कुडन्ट अग्री मोअर.’ मी मनात शब्दशः भाषांतर केले : ‘याहून जास्त मी सहमत होऊ शकत नव्हते.’ सहमतीचा त्यांचा साठा संपला, असा अर्थ लावून मी चाचणीचे महत्त्व नव्याने पटवू लागलो. त्यांनी तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने उच्चारले. मीही आवाज चढवला. दहा मिनिटांनी शेजारच्या सहकाऱ्याने माझ्यापुढे एक चिठ्ठी सरकवली. तीवर लिहिले होते : ‘त्या हो म्हणत आहेत.’ संमती इतकी काठोकाठ भरली आहे की आणखी मावत नाही, असे त्या बाईंना म्हणायचे होते. होकार देण्यासाठी नकाराची भांडी वापरणाऱ्या भाषेपुढे मी हात टेकले.

‘मस्ट’ची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती आठवली की अजून कानशिले तापतात. आपल्याकडे ‘यायला पाहिजे’ याच्या उलट ‘यायला नको’, म्हणजे येण्याची गरज नाही, तसदी घेऊ नका. एका वयस्कर परदेशी गृहस्थांनी मला विमानतळावर घ्यायला येण्याची तयारी दाखवली, तेव्हा मी अत्यंत नम्रपणे म्हणालो, ‘यू मस्ट नॉट कम.’ ‘यू डोन्ट हॅव टू’ म्हणायच्या जागी मी त्यांना चक्क येण्याची बंदी केली होती. ते आले नाहीत, आणि त्यानंतर कधी नीट बोललेही नाहीत.

‘कुड’चे वागणे तर याहून तिरपागडे आहे. त्यातला न उच्चारला जाणारा ‘एल’सुद्धा मूळचा नाही, ‘वुड’ आणि ‘शुड’ यांच्यात आहे म्हणून तो यानेही लावून घेतला. त्याचा नियम असा की काल एखादे काम जमले नाही तर ‘कुडन्ट’ या एका शब्दात भागते. पण तेच काम काल एकदाचे जमले असेल तर सहसा ‘कुड’ चालत नाही, ‘वॉज एबल टू’ म्हणावे लागते. अपयशाला एक शब्द आणि यशाला तीन! भविष्याचे विचाराल तर ‘कॅन’ला भविष्यच नाही. ‘विल’ला तो आपल्या शेजारी उभे राहू देत नाही, तिथेही ‘एबल’लाच बोलवावे लागते.

अखेर मी ‘कॅन’च्या सगळ्या कुटुंबाशी संबंध तोडले आणि ‘अनेबल’ हा भारदस्त शब्द जवळ केला. पुढच्याच सोमवारी बाईंनी पुन्हा शुक्रवारची मुदत विचारली. मी शांतपणे, आघात सांभाळून उत्तरलो, ‘आय ॲम अनेबल टू डू इट.’ फोनवर जराशी खरखर झाली. ‘यू आर एबल? वंडरफुल!’ असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शुक्रवारी रात्री साडेअकरा वाजता मी काम पाठवले आणि सोबत ‘आय वॉज एबल टू फिनिश इट’ असे तिन्ही शब्द मोजून लिहिले. दोनच मिनिटांत उत्तर आले : ‘आय कान्ट थँक यू इनफ.’ त्यांना माझे पुरेसे आभार का मानता येत नव्हते, काम अपुरे राहिले होते की काय, या विचारात मी ते वाक्य चारदा वाचले. खात्री करून घेण्यासाठी फोनकडे हातही नेला. पण तो काही मला उचलवला नाही.