कॉलेज फर्मागुडीला, रूम बागाला?

जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशाच्या, फेऱ्या सुरू झाल्या की कोल्हापूर, सांगली, पुण्याकडच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. "अगं, पोराला घेऊन येतोय. आयआयटी आणि एनआयटी दोन्ही बघून घेऊ म्हणतो. बागाला मस्त हॉटेल मिळालंय, पावसाळा आहे म्हणून निम्म्या भाड्यात." मी कपाळाला हात लावते. आयआयटी फोंड्याजवळ फर्मागुडीला, बागाहून चाळीस किलोमीटरच्या वर. एनआयटीचं कुंकळ्ळी तर त्याच्याही पलीकडे, मडगाव ओलांडून. सकाळी नाश्ता उरकून निघालेली मंडळी पहिल्या कॉलेजच्या गेटवर पोचतात तेव्हा तिथे जेवणाची सुट्टी झालेली असते.

म्हणून या वर्षी आधीच लिहून ठेवते, म्हणजे फोनवर तेच तेच सांगत बसायला नको.

माझं म्हणणं एवढंच आहे: कॉलेज बघायला येताय तर मुक्काम स्वतःच्या हौसेने ठरवू नका. पोरगं किंवा पोरगी जिथे चार वर्षं काढणार आहे, त्याच गावात एक-दोन रात्री काढा. आणि त्यातला निदान एक दिवस गाडीला हात लावू नका.

बाहेरच्या लोकांच्या डोक्यात गोवा म्हणजे एक शहर असतं. 'गोव्याला उतरू' म्हणतात, जसं साताऱ्याला उतरू म्हणावं. अहो, हे ३,७०२ चौरस किलोमीटरचं राज्य आहे आणि कॉलेजं विखुरलेली आहेत तालुक्या-तालुक्यांत. हॉटेलच्या अ‍ॅपवर 'गोवा' टाकलं की कळंगुट, बागा, कांदोळीच वर येणार, कारण हॉटेलं तिथे जास्त. 'दक्षिण गोवा' निवडलं तर कोलवा नाहीतर पाळोळे. फोंडा तालुका २०१५ पासून दक्षिण गोवा जिल्ह्यात आहे, पण फोंड्याला समुद्र नाही, त्यामुळे तो त्या यादीत कुठेतरी तळाला सापडतो. अ‍ॅपमध्ये राज्याचं नाव टाकूच नका. फर्मागुडी, फोंडा, मडगाव, वास्को असं गावाचं नाव टाका.

दुसरा घोळ एनआयटीचा. २०१० साली सुरू झाल्यापासून ती बरीच वर्षं फर्मागुडीला, गोवा इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात होती. २०१६ मध्ये आयआयटीही तिथेच आली. त्यामुळे 'दोन्ही एकाच डोंगरावर आहेत' ही माहिती अजून कुणा ना कुणा काकांकडून मिळतेच. आता तसं नाही. एनआयटी कुंकळ्ळीला स्वतःच्या कॅम्पसमध्ये गेली, फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचं रीतसर उद्घाटनही झालं. आयआयटीच्या जागेचं घोंगडं मात्र भिजतच पडलं. सत्तरीतल्या मेळावलीला लोकांनी विरोध केला आणि २०२१ मध्ये तिथला प्रकल्प मागे घ्यावा लागला, म्हणून ती फर्मागुडीलाच राहिली. तेव्हा कुंकळ्ळीसाठी मुक्काम मडगावला करायचा. कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या एसटीच्या, स्टँडजवळ रूम घेतलीत तर काणकोण-कारवारच्या बाजूला जाणारी बस सकाळी तिथेच मिळते. रेल्वे स्टेशन आणि हा स्टँड मात्र मडगावच्या दोन टोकांना आहेत. 'स्टेशनजवळ' असं हॉटेलवाला म्हणतो तेव्हा स्टँडपासून किती लांब, हे त्यालाच विचारा.

आता फोंडा. मी इथलीच, रोज बसने पणजीला ये-जा करते, म्हणून जरा जास्त लिहिते.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला फर्मागुडीच्या स्टॉपवर उभे राहा. पणजीहून येणारी बस आधीच गच्च. कंडक्टर दारात अर्धा बाहेर लटकून "फोंडें, फोंडें" ओरडतोय, आणि आत चढलात की तोच "फाटीं वच, फाटीं वच" करत तुम्हाला मागे ढकलतोय. पाठीवरची बॅग काढून पोटाशी धरायची असते, नाहीतर चार जण तोंडावर बोलून दाखवतात. खिडकीचा पडदा फाटका असेल तर पावसाची झड थेट मांडीवर. फर्मागुडीच्या डोंगरावर वारा असा की छत्री उलटी होते; रेनकोट आणा. कॉलेजच्या प्रॉस्पेक्टसमध्ये निळं आकाश आणि हिरवळ असते. पहिल्या सत्रात पोर फोंड्याला साधी औषधं आणायला उतरेल तेव्हा त्याच्या वाट्याला ही बस येणार आहे. ती एकदा त्याच्याबरोबर तुम्हीही घ्या.

फोंड्यात लॉज आहेत, बाजाराजवळ आहेत, ठीकठाक आहेत. शिवाय आमच्याकडे अग्रशाळा आहेत. मंगेशी, नागेशी, रामनाथी, कवळे ही सगळी देवस्थानं फर्मागुडीच्या आसपासच, आणि तिथे भक्तांसाठी खोल्या असतात. काही ठिकाणी महाजन-कुळाव्यांना, म्हणजे त्या देवाच्या मानकरी आणि कुळातल्या घराण्यांना, आधी मिळतात, म्हणून देवस्थानच्या ऑफिसात फोन करून विचारा. खोली साधी, मांसाहार आणि दारू चालत नाही, रात्री उशिरा येऊन दार ठोठावायचं नाही. मंगेशीला सोमवारी पालखी असते, त्या दिवशी गर्दी धरून चाला. ज्यांना गोव्यात येऊन हे असलं राहणं म्हणजे शिक्षा वाटते, त्यांनी लॉज घ्यावा, माझी हरकत नाही. पण पहाटे देवळात नगारा वाजतो तेव्हा जागं होऊन, रस्त्यावरच्या टपरीवर पातळ भाजी-पाव आणि वर एक मिरची खाऊन, आठच्या बसने कॉलेजात गेलेला माणूस दुपारपर्यंत त्या गावाबद्दल जे सांगू शकतो, ते बागाहून आलेल्याला महिनाभर राहूनही सांगता येणार नाही.

गोवा विद्यापीठ, बांबोळीचं मेडिकल, आल्तिनोवरचं आर्किटेक्चर किंवा आर्ट कॉलेज बघायचं असेल तर पणजी. इथे फार डोकं चालवायला नको: पाटो किंवा मळा भागात, कदंबाच्या स्टँडला चालत जाता येईल अशी रूम घ्या. मांडवीकाठच्या रस्त्यावर शनिवार-रविवारच्या रात्री कॅसिनोवाल्यांची गर्दी असते, तिकडची खोली टाळा. ताळगावच्या पठारावरही वारा फर्मागुडीसारखाच.

बिट्स झुआरीनगरला, दाबोळी विमानतळाच्या अगदी जवळ. तिच्यासाठी वास्को किंवा चिखली. समुद्राशिवाय ज्यांचा गोवा पुरा होत नाही त्यांच्यासाठी बोगमाळो तिथून हाकेच्या अंतरावर आहे, तेव्हा बागाचा हट्ट इथेही कशाला? विमानाने येणार असाल तर तिकीट दाबोळीचं आहे की मोपाचं, हे नीट वाचा. मोपा पार पेडण्यात, उत्तरेच्या टोकाला. साखळीच्या जीआयएमवाल्यांनी (गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट) साखळी-डिचोलीतच बघावं.

टॅक्सीच्या भरवशावर लांब राहणाऱ्यांना एक सांगते. ओला-उबर इथे चालत नाही. गोवामाइल्स हे इथलं टॅक्सीचं अ‍ॅप आहे, पण आडबाजूला संध्याकाळी गाडी मिळेलच असं नाही, आणि स्टँडवरची टॅक्सी जे भाडं सांगते त्यात फोंड्यात एका रात्रीची खोली येते. गावातल्या गावात पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवाले पायलट बरे पडतात. बसायच्या आधी भाडं ठरवा. भाड्याने दुचाकी घेतलीत तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची घेतली की पोलीस अडवणार आणि दंड तुमच्याच खिशातून जाणार. संध्याकाळी साडेसात-आठनंतर खेड्यापाड्यांकडच्या बसेस विरळ होतात. शेवटची बस किती वाजता, हा प्रश्न हॉस्टेलच्या फीइतकाच महत्त्वाचा आहे, पण पालकसभेत तो कुणी विचारत नाही.

"मग फिरणं कधी?" असं माझ्या मावसबहिणीने विचारलंच. फिरा ना, पण कॉलेज झाल्यावर. शेवटच्या रात्री बाडबिस्तरा उचलून किनाऱ्यावर जा. फक्त जुलैत काय मिळणार ते आधी समजून घ्या: शॅक, म्हणजे किनाऱ्यावरच्या खाण्यापिण्याच्या झोपड्या, मोडून ठेवलेले, लाल बावटे लावलेले आणि पाण्यात पाय घातला की जीवरक्षकाची शिटी. सोमवार ते गुरुवार या, म्हणजे कॉलेजही चालू असतं आणि वीकेंडचं चढं भाडंही वाचतं. आत सोडतील का, हॉस्टेल बघू देतील का, हे कॉलेजला आधी मेल टाकून विचारा. नुसतं गेटवर जाऊन वॉचमनशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही, तो आपलं काम करतोय.

आपण गोंयकारही काही शहाणे नाही. पोरांना घेऊन पुण्याला जातो आणि उतरतो लक्ष्मी रोडला, कारण खरेदी जवळ पडते. कॉलेज असतं आकुर्डीला. मग दिवसभर रिक्षावाल्याच्या नावाने बोटं मोडायची आणि संध्याकाळी 'पुणं काही खरं नाही' म्हणत परतीची बस धरायची.

राहता राहिला नातेवाइकांकडच्या मुक्कामाचा प्रश्न. माझ्याकडेसुद्धा नको. राग मानू नका. माझ्याकडे उतरलात की माझा नवरा तुम्हाला गाडीत घालून थेट कॉलेजच्या दारात सोडणार, वाटेत मंगेशीचं दर्शन घडवणार, दुपारी परत आणणार आणि तुम्ही म्हणणार, "अगदी जवळ आहे की गं!" गाडीत सगळंच जवळ असतं. पोराला तो नवरा रोज मिळणार नाहीये.

जेवायला मात्र जरूर या, आदल्या दिवशी कळवून. ३१ जुलैपर्यंत ट्रॉलरबंदी असते, त्यामुळे इसवणाची, म्हणजे सुरमईची, अपेक्षा ठेवू नका. खाडीतलं जे मिळेल त्याचं हुमण, म्हणजे माशाची आमटी, करीन.