कायदा न्या, पण यादी आपली करा

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शाळेतल्या दादागिरीचा विषय निघाला की काका लिहितात, "मुलं म्हटली की चालायचंच." मग बहीण मला मध्ये ओढते, "दादा, तिकडे कायदा आहे ना रे?"

आहे, इथे अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात. २०१० मध्ये इथल्या रटगर्स विद्यापीठातल्या टायलर क्लेमेंटीने आत्महत्या केली. रूममेटने वेबकॅमवरून त्याचं खासगी आयुष्य चोरून पाहिलं होतं. २०११ पासून न्यू जर्सीत कडक कायदा लागू झाला. प्रत्येक शाळेत दादागिरीच्या तक्रारींसाठी नेमलेली व्यक्ती असते. शिक्षकाने प्रकार पाहिला तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगायचं आणि शाळेच्या कामकाजाच्या १० दिवसांत चौकशी संपवायची.

लांबून हे झकास दिसतं. प्रत्यक्षात, त्रास वंश, धर्म, मूळ देश, अपंगत्व अशा कुठल्या तरी वेगळेपणावरून दिला हे ठरावं लागतं. नाहीतर ते 'आपसातलं भांडण'. आपल्या मुलावर तक्रार आली की पालक आधी वकील गाठतात, कारण पुढे कॉलेजचे अर्ज असतात. मराठी पालकही त्यात आले. भारतातून नुकत्याच आलेल्या पोराला, त्याच्या उच्चारांवरून, 'फॉब' ('फ्रेश ऑफ द बोट', म्हणजे नुकताच बोटीतून उतरलेला) म्हणून हिणवणारी बरेचदा इथेच वाढलेली आपली मुलं असतात. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत यावर परिसंवाद झालेला मी तरी ऐकला नाही.

तरीही ती १० दिवसांची मुदत मला मोलाची वाटते. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, पण रॅगिंग म्हटलं की आपल्याला मेडिकलचं हॉस्टेल दिसतं, नववीचा वर्ग नाही. शिक्षण हक्क कायद्यातली छळाला बंदी मुख्यतः शिक्षकांना धाक घालते, आणि तो कायदा १४ वर्षांपर्यंतच. बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचारानंतर, २०२४ मध्ये, सीसीटीव्ही, तक्रारपेटी, विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती यांवर सरकारने जोर दिला. त्या प्रकरणात ते हवंच होतं. पण दहावीच्या मुलांच्या इन्स्टाग्राम ग्रुपवर काय शिजतंय ते कॅमेऱ्याला कसं दिसणार? आणि पेटीत चिठ्ठी टाकणाऱ्याला उत्तर कोण देणार, किती दिवसांत? बहिणीला म्हटलं, पुढच्या पालकसभेत एवढंच विचार.

मात्र इथला कायदा जसाच्या तसा उचलू नका. त्यातल्या वेगळेपणाच्या यादीत जात हा शब्द नाही; 'पूर्वज' आणि 'इतर कोणतंही वैशिष्ट्य' यांत ती बसवावी लागते. आपल्याकडे आडनाव ऐकून तोंड वाकडं करणारी, मार्क चांगले पडले तरी "तुला काय, कोटा आहे" म्हणणारी पोरं वर्गावर्गात सापडतील. महाराष्ट्राने यादी केलीच, तर जात पहिल्या ओळीत हवी. तिथे काकांचा ग्रुप किती वेळ गप्प बसेल, याची मला कल्पना आहे.