ब्रिज लावला की गावातलं वायफाय आखाड्यावर? त्या मेसेजमधला एकेक दावा

शेतकऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कुठलंही स्वस्तातलं ईथरनेट ब्रिज मॉड्यूल आणा, एक टोक घरच्या राउटरला लावा, दुसरं केबलने किंवा हवेतून शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या वस्तीवर, न्या, झालं काम. अंतराची मर्यादा नाही, वेग तेवढाच मिळतो, सेटिंग काही करावं लागत नाही, आणि सगळं 12 व्होल्टचं असल्यामुळे वीज पडण्याची भीती नाही. लातूर-धाराशिवकडे मी कॅमेऱ्यांची आणि नेटची हीच कामं करतो. पेरणीच्या तोंडावर, हातात मोजके पैसे असताना, लोक या मेसेजवर विसंबून सामान घेऊन येतात. म्हणून एकेका दाव्याला सविस्तर उत्तर देतो.

आधी जे खरं आहे ते मान्य करू. आखाड्यासाठी दुसरं कनेक्शन घ्यावं लागत नाही, हे बरोबर आहे. ब्रिज दोन बाजूंचं एकच लोकल नेटवर्क करतो. कोणतं उपकरण कुठल्या बाजूला आहे हे तो त्यांच्या मॅक पत्त्यांवरून, म्हणजे प्रत्येक उपकरणाच्या ओळखक्रमांकावरून, शिकतो आणि ज्याचा डेटा त्याच्याच बाजूला सोडतो. घरी बसून कोठ्यातला, म्हणजे गोठ्यातला, कॅमेरा बघता येतो तो यामुळेच. हे तंत्र उत्तम आहे. माझा आक्षेप आहे तो मेसेजने त्याला चिकटवलेल्या बाकीच्या गोष्टींना.

वेग तेवढाच मिळतो, हा दावा केबलच्या ब्रिजपुरता जवळपास खरा आहे. पण बाजारात ब्रिज म्हणून हातात दिलं जाणारं साधन बऱ्याचदा साधं रिपीटर असतं. एकाच रेडिओवर आधी ऐकायचं आणि मग तेच पुढे बोलायचं, यात वेग निम्म्यावर येतो. घरात चालून जातं, चार कॅमेऱ्यांना पुरत नाही.

अंतराची मर्यादा नाही, हे मात्र साफ चूक. तांब्याच्या लॅन केबलला एका सलग तुकड्यात 100 मीटरची मर्यादा आहे. गोंधळ होतो तो केबलच्या खोक्यामुळे. खोक्यावर 305 मीटर छापलेलं असतं आणि लोकांना वाटतं तेवढी ओढता येते. तो आकडा फक्त आत किती केबल आहे ते सांगतो. 140-150 मीटरवरही पोर्टचा दिवा कधी कधी लागतो आणि माणूस खूश होतो, पण दिवा लागला म्हणजे डेटा धड जातोय असं नाही. कॅमेरा दिवसा चालतो आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागून भार वाढला की बंद पडतो, कारण त्याच केबलमधून त्याला वीजही जात असते. त्यात स्वस्त केबल बहुतेक वेळा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची, म्हणजे सीसीए असते. तिचा रोध जास्त, त्यामुळे लांबवर व्होल्टेज आणखी पडतं. घेताना तारेचं टोक चाकूने खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर ती केबल शेतासाठी घेऊ नका.

हवेतून न्यायचं तर अंतर नक्कीच वाढतं. 5 गिगाहर्ट्झवरची वायरलेस ब्रिजची जोडी एक-दोन किलोमीटर आरामात जाते. मेसेज यापुढचं सांगत नाही: दोन्ही टोकं एकमेकांना दिसायला हवीत, आणि नुसती नजरेची रेघ मोकळी असून भागत नाही. 5.8 गिगाहर्ट्झवर एक किलोमीटरच्या जोडणीत मधोमध लहरींचा पट्टा त्या रेघेभोवती साधारण 3.6 मीटर पसरतो. त्यातला निदान 60 टक्के, म्हणजे रेघेखाली सव्वादोन मीटर तरी, मोकळा लागतो. आता आपल्याकडचं रान बघा. उन्हाळ्यात मोकळ्या वावरातून जोडणी केली की सिग्नल झकास. पावसाळा सरता सरता मधला ऊस दहा-बारा फुटांवर जातो, पानांत पाणी भरलेलं असतं, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. मग फोन येतो की मशीन खराब निघालं. मशीन ठणठणीत असतं, खांब ठेंगणा असतो. ऊस साडेतीन मीटर आणि वर सव्वादोन मीटर धरा, म्हणजे सपाट रानात दोन्हीकडे 20 फुटी पाइप हवा. मधे लिंब किंवा बाभूळ असेल तर जागाच बदला.

सेटिंग काही लागत नाही, या दाव्यावर सर्वात जास्त वेळ वाया जातो. जुना राउटर ब्रिज म्हणून वापरताना तो आपलं राउटरपण सोडत नाही. घरचा राउटर 192.168.1.1 वर, जुनाही बऱ्याचदा तिथेच. दोघंही डीएचसीपीने, म्हणजे जोडलेल्या उपकरणांना आपोआप पत्ते देण्याच्या सोयीने, पत्ते वाटत सुटतात. मग कुणाच्या मोबाईलला नेट मिळतं, कुणाच्या नाही, आणि संध्याकाळी उलट होतं. उपाय पाच मिनिटांचा आहे. जुना राउटर आधी एकटाच मोबाईलला जोडा, त्याचा पत्ता 192.168.1.2 करा, त्यातलं डीएचसीपी बंद करा, आणि घरून आलेली केबल त्याच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेटच्या) पोर्टमध्ये न घालता लॅन (आतल्या नेटवर्कच्या) पोर्टमध्ये घाला. मेनूत ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडला की यातलं बहुतेक आपोआप होतं.

वायरलेसमध्ये आणखी एक मेख आहे. साध्या क्लायंट मोडमध्ये, म्हणजे मोबाईलसारखं नुसतं वायफायला जोडलं तर, वायफायच्या डेटावर तीनच पत्ते असतात. मागच्या कॅमेऱ्याचा पत्ता नेण्यासाठी चौथा लागतो, आणि ती सोय डब्ल्यूडीएस किंवा ब्रिज मोडमध्ये असते. ती दोन्ही टोकांना चालू हवी, आणि वेगवेगळ्या कंपन्यांची डब्ल्यूडीएस एकमेकांशी जुळेलच असं नसतं. म्हणून जोडी एकाच कंपनीची घ्या.

बॅकअप म्हणून दोन केबली टाका, असा सल्लाही काही मेसेजांत जोडलेला असतो. असं करू नका. ईथरनेटच्या डेटावर तो किती वेळा फिरला याची मोजदाद नसते. गोल रस्ता सापडला की तोच संदेश फिरत राहतो, वाढत जातो आणि घरचं-शेतातलं सगळं नेटवर्क ठप्प होतं. जादा रस्ता आपोआप बंद ठेवणारा स्पॅनिंग ट्री हा यावरचा तोडगा संगणकतज्ज्ञ रेडिया पर्लमन यांनी 1985 साली काढला, पण आपण घेतो त्या साध्या स्विचमध्ये (अनेक केबली जोडायच्या डबीत) तो नसतो.

आता विजेचं. मराठवाड्यात वळवात आणि परतीच्या पावसात दरवर्षी माणसं आणि जनावरं विजेने जातात, आणि अशा ठिकाणी 12 व्होल्ट आहे म्हणून भीती नाही असं लिहिणं घातक आहे. वीज केबलवरच पडायला हवी असं नाही. जवळपास पडली तरी लांब तांब्याच्या तारेत दाब तयार होतो आणि तो थेट घरातल्या राउटरपर्यंत, तिथून टीव्ही-डीव्हीआरपर्यंत येतो. ॲडॉप्टर किती व्होल्टचा आहे याचा इथे काहीही संबंध नाही. दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे जादा दाब जमिनीत सोडणारं साधन, लावा आणि त्यांना खरी अर्थिंग द्या. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि रॉड मोकळा पडतो, म्हणून मृगाआधी तो तपासा, भोवती पाणी घाला. विजेच्या खांबांना लॅन केबल बांधत नेणं तर कधीच नको. वरची तार तुटून तिच्यावर पडली तर 230 व्होल्ट घरात येतील.

गाव आणि आखाडा यांच्यात तार टाकायचीच असेल तर माझं मत स्पष्ट आहे: फायबर, म्हणजे प्रकाशाने डेटा नेणारी काचेची केबल, टाका. काचेतून वीज वाहत नाही, आणि सिंगल मोड फायबरवर दोन्हीकडच्या मीडिया कन्व्हर्टरची (फायबर आणि लॅन केबल जोडणाऱ्या डब्यांची) साधी जोडीही 20 किलोमीटरची असते. जोड मारायचं मशीन केबलवाल्याकडे असतंच. फक्त घरापर्यंत येणाऱ्या फायबरच्या ड्रॉप केबलला आधाराची पोलादी तार असेल तर ती बाहेरच तोडा, घरात आणू नका.

आखाड्यावरच्या विजेबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. शेतीच्या फीडरला आठ तास थ्री फेज मिळाली तर उरलेल्या सोळा तासांचं काय? ब्रिज, एक कॅमेरा आणि स्विच मिळून साधारण 12 वॅट धरा. सोळा तासांचे 192 वॅट-तास होतात. दुकानदार देतो ती 12 व्होल्ट, 7 ॲम्पिअर-तासाची छोटी बॅटरी भरून 84 वॅट-तासांची, म्हणजे त्या सोळा तासांतले निम्मेही नाहीत. लेड ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसेल तर 40 ॲम्पिअर-तासाच्या आसपासची घ्या, आणि वीज बेभरवशाची असेल तर 100 वॅटचं सोलर पॅनल जोडा. कॅमेऱ्याला वेगळं बटण ठेवा, म्हणजे श्रावणातल्या झडीत चार दिवस ऊन पडलं नाही तर तो बंद करून नुसता ब्रिज चालू ठेवता येईल.